पैसे बँकेकडेच आहेत, मग बिल कशाला? एफडीवर मिळणाऱ्या क्रेडिट कार्डाचा हिशेब

माझा भाचा सांगलीला लग्नाचे फोटो काढतो. कमाई बरी आहे, पण ती तुळशीच्या लग्नानंतर येते आणि आषाढ लागला की आटते. पगाराची स्लिप नाही, फॉर्म १६ नाही, आयकर रिटर्न पहिल्यांदा भरलं तेही गेल्याच वर्षी. दोन बँकांनी त्याचा क्रेडिट कार्डाचा अर्ज परत पाठवला. तिसऱ्या बँकेतल्या बाई म्हणाल्या, "पंचवीस हजारांची एफडी करा, त्यावर कार्ड करून देते." त्यानं केली. वीस हजारांची मर्यादा असलेलं कार्ड हातात आलं. दोन महिन्यांनी फोन: "मामा, बिल भरायचं राहिलं नऊ दिवस, तर दंड लावलाय. माझे पंचवीस हजार त्यांच्याकडंच आहेत की! त्यातनं कापून घ्यायचे ना?"

प्रश्न बावळटपणाचा नाही. कार्ड देताना कुणी हे समजावून सांगत नाही, आणि बारीक अक्षरातलं करारपत्र कोण वाचतंय. पण या एका प्रश्नाचं उत्तर पक्कं समजलं की या कार्डाबद्दलचं बाकीचं आपोआप उलगडतं.

मी त्याला गॅसच्या सिलिंडरचं उदाहरण दिलं. कनेक्शन घेताना आपण एजन्सीकडे डिपॉझिट भरतो. म्हणून सिलिंडर फुकट येतो का? दर खेपेला पैसे मोजावेच लागतात. डिपॉझिट तिथंच पडून असतं आणि कनेक्शन परत केलं की मिळतं. एफडीवरच्या कार्डाचंही तसंच. लेन्स घेताना कार्ड घासलं तेव्हा दुकानदाराला गेलेले पैसे बँकेचे होते, तुझ्या एफडीतले नव्हते. एफडी जागेवर शाबूत आहे, तिला व्याजही लागतंय. तू घेतलीस ती उधारी. एफडी आहे ती उधारीमागची हमी. उधारी तुलाच फेडायची आहे. तू नाहीच फेडलीस तर बँक बुडू नये, एवढ्यासाठी एफडी आहे.

म्हणजे हमी बँकेला आहे, आपल्याला नाही. हे वाक्य कडू वाटेल, पण खरं आहे.

इथंच आणखी एक घोळ होतो. प्रीपेड कार्डात आपण आधी पैसे भरतो आणि तेच खर्च करतो. डेबिट कार्डात खात्यातले पैसे जातात. या दोन्हींत उधारीच नाही, त्यामुळे ती कितीही वर्षं वापरली तरी क्रेडिट स्कोअर, म्हणजे आपण उधारी किती नेमानं फेडतो याचे गुण, तयार होत नाही. एफडीवरचं कार्ड मात्र पुरतं क्रेडिट कार्ड आहे: बिल येतं, मुदत असते, व्याज लागतं, आणि आपण कसे वागलो याची नोंद क्रेडिट ब्यूरोकडे, म्हणजे लोकांच्या उधारीचा इतिहास ठेवणाऱ्या कंपनीकडे, जाते. भाच्यासारख्या माणसाला ते घ्यावंसं वाटतं ते या नोंदीसाठीच.

ठेवीवर खूण

सोनेतारण आपल्याकडे घराघरांत माहीत आहे. पाटल्या पतसंस्थेच्या तिजोरीत जातात, कर्ज फिटेपर्यंत घालता येत नाहीत, पण मालकी आपलीच. एफडीचं तारण त्याहून सुटसुटीत. तिजोरी लागत नाही, सोनार बोलवावा लागत नाही, कारण तारण आधीच बँकेच्या घरात आहे. बँक तिच्या संगणकात त्या ठेवीवर खूण करते. तिला बँकेच्या भाषेत 'लीन' म्हणतात, मराठीत धारणाधिकार. बँकांचा हा हक्क जुना आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातल्या कलम १७१ मध्ये तो लिहिलेला आहे. एफडीवरच्या कार्डात बँक त्यावरही विसंबत नाही. अर्जातच आपल्याकडून लिहून घेते की थकबाकी झाली तर ही ठेव मोडून वसूल करायला माझी हरकत नाही.

खूण झाली की दोन गोष्टी होतात. ती एफडी आपल्याला मधेच मोडता येत नाही. मोडायची तर आधी कार्ड बंद करावं लागतं. आणि मुदत संपली तरी पैसे खात्यात येत नाहीत, ठेव आपोआप पुढच्या मुदतीसाठी चालू राहते. बाकी सगळं नेहमीच्या ठेवीसारखं. ठरलेल्या दरानं व्याज मिळतं. त्या व्याजावर कर लागतो. १ एप्रिल २०२५ पासून एका बँकेतल्या ठेवींवरचं वर्षाचं व्याज ५०,००० रुपयांवर गेलं (ज्येष्ठांसाठी १ लाखावर) तर टीडीएस, म्हणजे व्याज देतानाच कर, कापला जातो. वारसाचं नाव लावता येतं. बँक बुडालीच तर ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. फेब्रुवारी २०२० पूर्वी ते फक्त १ लाख होतं. ते एका बँकेतल्या आपल्या सगळ्या ठेवी मिळून असतं, प्रत्येक पावतीला वेगळं नाही.

कुठलीही एफडी चालत नाही, हेही सांगून ठेवतो. ठेव साधारणपणे त्याच बँकेत हवी. स्टेट बँकेचं उदाहरण थोडं वेगळं दिसतं, कारण कार्ड देणारी एसबीआय कार्ड ही वेगळी कंपनी आहे आणि ठेव स्टेट बँकेत राहते. पण तेही एकाच घरातलं. गावच्या पतसंस्थेची पावती घेऊन मोठ्या बँकेत गेलात तर उपयोग नाही. कलम ८०सी खाली कर वाचवायला केलेली पाच वर्षांची एफडी तर तारण ठेवताच येत नाही, तसा त्या योजनेचा नियमच आहे. संयुक्त नावाची ठेव असेल तर दुसऱ्याची संमती लागते. वडिलांच्या नावची ठेव दाखवून मुलाला कार्ड मिळेल, असं गृहीत धरू नका.

आजकाल मोबाइलच्या ॲपवरून दोन-पाच हजारांच्या एफडीवरही असं कार्ड मिळतं. त्यात गैर काही नाही, पण ॲप म्हणजे बँक नव्हे. मागे कुठली बँक आहे आणि ठेवीची पावती त्या बँकेची, आपल्या नावाची आहे का, हे पाहून मगच पैसे टाकावेत. विमा ठेवीला आहे, ॲपला नाही.

पंचवीसचे वीस का होतात

भाच्याचा दुसरा प्रश्न जास्त चोख होता. "ठेव पंचवीस हजारांची, मग मर्यादा वीसचीच का? पाच हजार कुणाचे?"

बहुतेक बँका ठेवीच्या ७५ ते ९० टक्क्यांच्या आसपास मर्यादा देतात. काही ठिकाणी शंभर टक्केही मिळते. मधला जो फरक ठेवतात त्याला सोनेतारणातही 'मार्जिन' म्हणतात. सोन्यात ते भाव पडण्याच्या भीतीनं ठेवतात. एफडीचा भाव पडत नाही. पण बिल थकलं की बाकी फुगत जाते, आणि ती फुगवटीची जागा म्हणजे हे पाच हजार.

हिशेब करून पाहू. समजा, वीसच्या वीस हजार खर्च झाले आणि काहीच भरलं नाही. व्याज महिन्याला साडेतीन टक्के धरू, म्हणजे ७०० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, १२६ रुपये. उशिराचा दंड ७५० धरू, त्यावरचा जीएसटी १३५. महिन्याला झाले १,७११ रुपये. तीन महिन्यांत ५,१३३. व्याजावर व्याज धरलेलंच नाही, तरी पंचवीस हजारांची ठेव पुरती संपली आणि वर थोडे बाकी राहिले. याच तीन महिन्यांत त्या ठेवीनं साडेसहा टक्क्यांनी कमावले जेमतेम ४०० रुपये.

तीन महिने हा आकडा मी सोयीसाठी निवडलेला नाही. बिलाची किमान रक्कम देय तारखेपासून ९० दिवसांत आली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते खातं थकीत कर्ज, म्हणजे एनपीए, ठरतं. कुठलीही बँक हातात तारण असताना तिथवर वाट पाहत नाही. नेमक्या किती दिवसांनी ठेव मोडायची हे करारात असतं. कार्ड घेताना त्या एका ओळीवर बोट ठेवून विचारावं.

मर्यादा ठरते ती ठेवीच्या मुद्दलावर. व्याजानं ठेव वाढली म्हणून मर्यादा आपोआप वाढत नाही. भाच्याची ठेव वर्षानं २६,६६५ झाली, कार्डाची मर्यादा वीस हजारच राहिली. वाढवायची असेल तर नवी ठेव टाकून तीही तारण लावायची, किंवा मोठी ठेव करून जुनी सोडवून घ्यायची. तिसरा मार्ग म्हणजे वर्षभर चोख वागून विनातारण कार्डासाठी अर्ज करणं, त्याबद्दल शेवटी.

वीस हजार म्हणजे पुरते वीस हजार हातात असतात, असंही नाही. एटीएममधून रोख काढायची मर्यादा त्याच्या आतली आणि छोटी असते. रोख काढूच नये, हे माझं स्पष्ट मत: वेगळं शुल्क लागतं, आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होतं, एका दिवसाचीही सवलत नाही. हॉटेलवाल्यानं खोलीसाठी रक्कम अडकवली की तेवढी मर्यादा काही दिवस गोठते. सगळ्यात जास्त माणसं फसतात ती ईएमआयमध्ये. भाच्यानं १४,००० ची लेन्स सहा हप्त्यांवर घेतली, आणि त्याला वाटलं की महिन्याला हप्त्याएवढीच मर्यादा अडकेल. तसं होत नाही. पूर्ण १४,००० अडकतात आणि जसे हप्ते फिटतात तशी जागा मोकळी होते. पहिल्या महिन्यात त्याच्याकडे उरले सहा हजार, तेही लग्नसराईत, पेट्रोलचा खर्च अंगावर असताना.

मर्यादा सगळी वापरू नये, मग ती देतात कशाला?

हा प्रश्न त्यानं विचारला नव्हता, मीच काढला, कारण स्कोअरचा खेळ इथं आहे.

भारतात क्रेडिट ब्यूरो चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आपण सरसकट 'सिबिल' म्हणतो, जसं सगळ्या वनस्पती तुपाला एकेकाळी डालडा म्हणायचे. स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. ज्यानं कधी कर्जच घेतलं नाही त्याचा स्कोअर वाईट नसतो, तो नसतोच. बँकेच्या डोळ्यांनी पाहिलं तर हा माणूस चांगला की वाईट ते कळायला मार्ग नाही, म्हणून अर्ज परत. उधारी न करता जगलेला माणूस उधारीच्या बाजारात अनोळखी ठरतो, हे मला अजून पटत नाही, पण व्यवहार तसा आहे. कार्ड सुरू झाल्यावर साधारण सहा महिन्यांत पहिला स्कोअर दिसू लागतो.

वेळेवर बिल भरणं ही स्कोअरमधली सर्वांत जड बाजू. त्याखालोखाल जी गोष्ट पाहतात ती म्हणजे मर्यादेतला किती हिस्सा वापरला. ३० टक्क्यांच्या आत ठेवावा, असं सगळे सांगतात. तो कायदा नाही, ठोकताळा आहे, पण उपयोगी आहे. मोठ्या कार्डावर हे सोपं जातं. दोन लाखांच्या मर्यादेत १४,००० ची लेन्स सात टक्के होते. वीस हजारांच्या मर्यादेत तीच लेन्स ७० टक्के. खर्च तोच, माणूस तोच, पण कागदावर एक जण निवांत दिसतो आणि दुसरा ओढग्रस्त.

म्हणून ठेव किती करायची हे उलटीकडून ठरवावं. महिन्याला कार्डावर सहा हजार खर्च होणार असेल तर ते ३० टक्क्यांत बसायला मर्यादा वीस हजारांची हवी, आणि ८० टक्क्यांच्या हिशेबानं ठेव पंचवीसची. बाई म्हणाल्या तेवढी किंवा जाहिरातीत 'फक्त दोन हजारांपासून' लिहिलंय तेवढी नव्हे. दोन हजारांच्या कार्डावर किराण्याची एक फेरी केली तरी ते भरून जातं.

मोठी खरेदी टाळता आली नाही तर एक साधी युक्ती आहे. स्टेटमेंट, म्हणजे महिन्याचं बिल, तयार व्हायच्या आधीच थोडी रक्कम भरून टाकायची. बहुधा स्टेटमेंटवर दिसणारी बाकी ब्यूरोकडे जाते, ती कमी दिसते. जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती महिन्याऐवजी निदान पंधरवड्याला कळवावी लागते, त्यामुळे आकडा सुधारल्याचं लवकर दिसतं. आणि चूक झाली तर तीही लवकर दिसते.

नऊ दिवसांचं काय झालं

भाच्याचं स्टेटमेंट दर महिन्याच्या ५ तारखेला निघतं, भरायची शेवटची तारीख २५. म्हणजे ६ जूनला केलेली खरेदी ५ जुलैच्या बिलात येते आणि २५ जुलैपर्यंत भरायची: जवळजवळ पन्नास दिवस बिनव्याजी. ४ जुलैला केलेली खरेदीही त्याच बिलात, तिला मिळाले एकवीस दिवस. ही सवलत पूर्ण बिल भरणाऱ्यालाच आहे. थोडंही बाकी ठेवलं की व्याज खरेदीच्या तारखेपासून मोजलं जातं.

रिझर्व्ह बँकेनं २०२२ साली काढलेल्या कार्डांच्या नियमांत एक माणुसकीची तरतूद आहे: देय तारखेनंतर तीन दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तरच दंड लावायचा आणि ब्यूरोला उशीर कळवायचा. यूपीआय अडकलं, रविवार आला, एवढी चूक पोटात घातली जाते. नऊ दिवस त्यात बसत नाहीत. दंड रास्त होता.

आता मूळ प्रश्न. एफडीतून कापून घ्या, असं म्हटल्यावर बँक का कापत नाही? एक म्हणजे एफडी ही सुट्या पैशांची बरणी नव्हे. १,८०० रुपयांच्या बिलासाठी पंचवीस हजारांची ठेव मोडावी लागेल, मुदतीआधी मोडल्याबद्दल व्याजात कपात होईल, आणि तारण गेलं म्हणून कार्डही बंद पडेल. पण खरं नुकसान दुसरीकडे आहे. बँकेनं शेवटी ठेव मोडून सगळे पैसे वसूल केले, तिला एक रुपयाचाही तोटा झाला नाही, तरी उशिराचे दिवस रिपोर्टात राहतात. सिबिलच्या रिपोर्टात मागच्या ३६ महिन्यांचा भरणा महिन्यागणिक दिसतो, आणि किती दिवस उशीर झाला त्याचा आकडा प्रत्येक महिन्यासमोर असतो. तिथं 'ठेवीतून वसूल, बँक खूश' असा रकाना नाही. ठेव मोडून वसुली झाली की आपण पैसेही देऊन बसतो आणि ज्या नोंदीसाठी हा खटाटोप केला ती नोंदही बिघडवून घेतो.

'किमान देय रक्कम' हा दुसरा सापळा. वीस हजारांच्या बाकीवर समजा १,००० रुपये किमान भरायला सांगितले. त्यातले ८२६ व्याज आणि जीएसटीत गेले, मुद्दल कमी झालं १७४ रुपयांनी. दंड टळतो, नोंद बिघडत नाही, इतकाच फायदा. व्याजाचं चाक चालू राहतं. वर्षाला ४२ टक्क्यांचा हा दर. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ साली ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. त्यामुळे या दराला वरून लगाम घालणारं कुणी नाही, आपणच तारीख पाळायची. मी भाच्याला सांगितलं, बचत खात्यातून पूर्ण बिलाचा ऑटोपे लाव, म्हणजे तारखेला पैसे आपोआप जातील. 'किमान रकमेचा' नव्हे, 'पूर्ण बिलाचा'. अर्जात दोन्ही पर्याय शेजारीशेजारी असतात आणि घाईत चुकीच्या चौकोनात टिचकी पडते.

इथं एक गंमत पाहा. त्याच पंचवीस हजारांच्या एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेवीच्या तारणावर उचल, घेतला असता तर व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्क्यांनीच जास्त पडलं असतं. म्हणजे साडेसात ते साडेआठ टक्के. तारण तेच, बँक तीच, धोका तोच. एका खिडकीवर साडेआठ, दुसऱ्यावर बेचाळीस! पैशांची खरीच चणचण असेल, दोन-चार महिने फेडायला लागणार असतील, तर कार्ड हे त्याचं ठिकाण नव्हे. शाखेत जाऊन ठेवीवर कर्ज मागावं. कार्ड हे पैसे असलेल्या माणसानं महिनाभर उशिरा द्यायला वापरायचं साधन आहे.

मग बँका एफडीवरचं कार्ड इतक्या प्रेमानं का देतात, हेही लक्षात येईल. विनातारण उधारी वाढतेय म्हणून रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०२३ मध्ये बँकांच्या कार्डावरच्या बाकीचा जोखीमभार १२५ वरून १५० टक्के केला, म्हणजे अशा उधारीमागे बँकेनं स्वतःचं भांडवल जास्त अडकवायचं. साहजिकच अनोळखी गिऱ्हाइकाला विनातारण कार्ड देताना हात आखडता झाला. एफडीवाला गिऱ्हाईक ठेवही आणतो आणि धोकाही आणत नाही. त्यात २०२२ पासून रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येऊ लागलं. आता नारळवाल्याच्या क्यूआरवरही कार्डातून पैसे जातात. पण ते जातात फक्त दुकानदाराला; मित्राला किंवा घरमालकाच्या खात्यावर जात नाहीत. भाच्याला कार्डाची हौस लागली ती या क्यूआरमुळे, स्कोअरची गोष्ट त्याला नंतर कळली.

माझ्या ओळखीत या कार्डाचा सर्वांत शहाणा उपयोग मात्र निवृत्त बायकांनी केलाय. पेन्शन नवऱ्याची, पगाराची स्लिप कधीच नव्हती, पण ठेवी स्वतःच्या नावावर. त्यांना विमानाचं तिकीट किंवा दवाखान्याचं डिपॉझिट भरताना मुलाला फोन करावा लागत नाही.

अमेरिकेत शिकायला गेलेल्या पोरांसाठी एक परिच्छेद, कारण तिथून हाच प्रश्न निराळ्या रूपात येतो. आपला इथला सिबिल तिथं चालत नाही; त्यांचा फायको स्कोअर वेगळा, ३०० ते ८५० चा, आणि तो शून्यातून उभा करावा लागतो. तिथल्या तारण कार्डात एफडी नसते, नुसती अनामत असते, बहुधा २०० डॉलरपासून पुढे. मर्यादा सहसा अनामतीएवढीच, आणि अनामतीवर अनेकदा व्याज नाही. मात्र २००९ च्या कार्ड कायद्यानं तिथं पहिल्या वर्षीची शुल्कं (उशिराच्या दंडासारखी सोडून) मर्यादेच्या २५ टक्क्यांवर नेता येत नाहीत. बिल न भरता 'अनामतीतून घ्या' म्हणणं तिथंही चालत नाही.

ठेव सोडवून घेताना

सहा-आठ महिने बिल चोख भरलं, स्कोअर दिसू लागला, की काही बँका स्वतःहून साधं कार्ड देऊ करतात. बऱ्याच देत नाहीत. बारा-पंधरा महिन्यांनी आपणच अर्ज करायचा. एकाच आठवड्यात पाच बँकांकडे नको, प्रत्येक चौकशीची खूण रिपोर्टात पडते. रिपोर्टात आपलं जुनं खातं 'सिक्युअर्ड क्रेडिट कार्ड' असं वेगळं नोंदलेलं दिसू शकतं. त्यात कमीपणा नाही, तारखा पाळल्या की नाही हेच पाहिलं जातं. नवं कार्ड हातात आल्याशिवाय जुनं बंद करू नये.

बंद करताना क्रम असा: आधी ओटीटी, मोबाइल रिचार्ज, विम्याचे आपोआप कापले जाणारे हप्ते दुसऱ्या खात्यावर वळवा. चालू ईएमआय फेडून टाका. एक शेवटचं स्टेटमेंट येऊ द्या आणि ते शून्य करा. मग लेखी विनंती, ईमेल किंवा ॲपवरून, म्हणजे तारीख राहते. थकबाकी नसेल तर बँकेनं सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, नाही केलं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे, असा २०२२ चा नियम आहे. हा आकडा विनंतीच्या पत्रातच नम्रपणे लिहावा, काम हलतं.

पण कार्ड बंद होणं आणि ठेवीवरची खूण निघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्ड विभाग मुंबईत किंवा चेन्नईत, ठेव सांगलीच्या शाखेत. एकाचं पत्र दुसऱ्याला मिळेलच असं नाही. विनंतीत दोन्ही लिहावं: कार्ड बंद करा आणि अमुक क्रमांकाच्या ठेवीवरचा लीन काढा. मागून येणारे व्यवहार, पेट्रोल पंपाचा किंवा परदेशी वेबसाइटचा उशिरा लागणारा एखादा, निस्तरेपर्यंत बँक काही दिवस थांबू शकते. त्यानंतर नेटबँकिंगमध्ये ठेवीच्या पानावर लीनची रक्कम शून्य दिसते का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. आणि दीड-दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढावा. प्रत्येक ब्यूरोकडून वर्षात एकदा तो पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यात हे खातं बंद आणि बाकी शून्य असंच दिसायला हवं. नसेल तर तक्रार. ३० दिवसांत निवारण झालं नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे.

भाचा अजून तिथवर पोचलेला नाही. त्या नऊ दिवसांनंतर चौदा बिलं गेली, सगळी ऑटोपेनं. लेन्सचे हप्ते फिटले. परवा त्यानं रिपोर्ट काढून पाठवला. चौदा महिने सरळ, आणि मागे त्या एका महिन्यासमोर ९ चा आकडा.